लेख वाचतात, पुढे पाठवतात, पण देणगी येत नाही: नेमकं कुठे अडतं?

संस्थांसाठी लिहिणाऱ्या लोकांकडून एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. "लेख छान झाला. लोकांनी वाचला, पुढे पाठवला. डोळ्यांत पाणी आलं, असे निरोप आले. देणग्या मात्र चार-पाच, त्याही ओळखीतल्याच." पुढच्या महिन्यात नवा लेख येतो आणि पुन्हा तेच घडतं. मग बैठकीत दोनपैकी एक ठरतं. एक तर लिहून काही होत नाही, किंवा पुढचा लेख आणखी करुण हवा.

हे दोन्ही निष्कर्ष मला पटत नाहीत, आणि दुसऱ्याची तर भीती वाटते. वाचकाचं मन हललं असेल तर लेखाने आपलं अर्धं काम केलेलं असतं. अडतं ते बहुतेक वेळा मन हलल्यानंतर आणि पैसे पोचण्याच्या आधी. "माझ्या पैशांचं नेमकं काय होणार?" या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहिलेलंच नसतं. संस्थेतल्या सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून ते कागदावर येत नाही. वाचक मात्र त्याच प्रश्नावर थांबतो आणि दुसरीकडे वळतो.

पण लेखाला हात लावायच्या आधी एक काम करा.

गळती कुठे आहे ते आधी पाहा

पाच आकडे काढा. पान किती जणांनी उघडलं, शेवटपर्यंत किती जण आले, देणगीचं बटण किती जणांनी दाबलं, फॉर्म किती जणांनी भरायला घेतला आणि किती जणांचे पैसे प्रत्यक्ष जमा झाले. वेबसाइट सांभाळणाऱ्याला हे सांगता येतं. लेख ईमेलने, फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर असा तिन्हीकडे जाणार असेल, तर प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळी यूटीएम खूण (लिंकच्या शेवटी जोडलेली ओळखीची अक्षरं) लावा, म्हणजे देणारा माणूस कुठून आला ते कळतं.

लोक निम्म्यावरच पान सोडत असतील तर दोष लेखात आहे. शेवटपर्यंत वाचून बटण दाबत नसतील तर दोष आवाहनात आहे. बटण दाबूनही पैसे येत नसतील तर लेखाचा एक शब्दही बदलू नका, कारण दोष फॉर्ममध्ये आहे.

हे मी एका संस्थेत शिकले. आम्ही एकच लेख तीनदा नव्याने लिहिला. सुरुवात बदलली, शीर्षक बदललं, फोटो बदलला, तरी फरक पडेना. शेवटी तिथल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीला म्हटलं, "ताई, तुमच्या फोनवरून एक देणगी देऊन बघता का?" आणि मी शेजारी बसून राहिले. बटण दाबल्यावर संस्थेचं मुखपृष्ठ उघडलं. तिथून त्यांना 'सहभाग' शोधावं लागलं आणि त्याच्या आत 'देणगी'. फॉर्ममध्ये रक्कम विचारायच्या आधी जन्मतारीख होती, व्यवसाय होता, चार ओळींचा पत्ता होता. फोन नंबरात एक आकडा कमी पडला तसा सगळा फॉर्म कोरा झाला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा भरायला घेतला. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीवर थांबून त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "घरी गेल्यावर निवांत करते," म्हणाल्या. ज्या बाईंनी आयुष्यातली वीस वर्षं त्या कामाला दिली होती, त्यांना ती देणगी देता आली नाही. अनोळखी वाचकाने ती द्यावी, अशी आमची अपेक्षा होती.

म्हणून ही तपासणी माझ्याकडे कायम पहिली असते. कॉम्प्युटरवर नको, साध्या फोनवर करा, एका हाताने, आणि शक्यतो ज्याने तो फॉर्म बनवलेला नाही अशा माणसाकडून करून घ्या. बटणावरून थेट फॉर्म उघडला पाहिजे. सगळ्यात वर रक्कम हवी. पावतीसाठी आणि नियमांसाठी जेवढं लागतं तेवढंच विचारा, तेही रकमेनंतर. चूक झाली तर तेवढाच रकाना लाल व्हावा, भरलेलं पुसलं जाऊ नये. लेखात ज्या कामाचं नाव आहे तेच नाव फॉर्मच्या डोक्यावर दिसलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तिथे नुसतं 'सर्वसाधारण निधी' असं असतं, आणि लेख वाचून आलेला माणूस तिथे बिचकतो, कारण आपण दुसऱ्याच दारात आलो असं त्याला वाटतं.

गोष्ट एका गावाला, आवाहन दुसऱ्या गावाला

फॉर्म ठीक आहे, लोक लेख शेवटपर्यंत वाचतात, आणि तरी बटण दाबत नाहीत. हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो, म्हणून इथे जरा थांबते.

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेचा लेख माझ्याकडे आला होता. लेख खरोखर सुंदर होता. एक स्वयंसेविका विज्ञानाच्या पुस्तकातला प्रकाशाचा धडा वाचते आहे. मजकूर सरळ चाललेला असतो आणि मध्येच लोलकाची, म्हणजे प्रिझमची, आकृती येते. आकृती वाचून दाखवता येत नाही, ती सांगावी लागते. ती म्हणते, "डावीकडून एक रेघ येते, त्रिकोणाच्या बाजूला लागते, आणि आत शिरताना तळाच्या दिशेने झुकते." मग ती ध्वनिमुद्रण थांबवते, डोळे मिटते आणि आपलंच वाक्य ऐकते. डोळे मिटून तिला ती रेघ दिसत नाही. ती वाक्य पुन्हा म्हणते. चौथ्या वेळी रेघ दिसते, तेव्हा ती पुढच्या परिच्छेदाकडे जाते.

इतकं वाचून कुणाचंही मन त्या खोलीत जाऊन बसेल. आणि त्यानंतर लेखाचा शेवट असा होता: "आपणही या कार्यात सहभागी होऊन सढळ हस्ते मदत करावी. आपली छोटीशी मदत मोठा बदल घडवू शकते."

त्या दोन वाक्यांत लोलक नाही, धडा नाही, ती स्वयंसेविका नाही. कुठल्याही संस्थेच्या कुठल्याही लेखाखाली ती चालली असती. वाचक एका खोलीत होता, त्याला तिथून उठवून सभागृहात नेऊन बसवलं. 'सढळ हस्ते' म्हणजे किती, 'कार्य' म्हणजे काय, 'बदल' कुणात, यातलं काहीच त्याला कळलं नाही. आपण लेखक मंडळी आवाहनाच्या परिच्छेदाला संकोचतो, पैसे मागणं अवघड वाटतं, म्हणून तिथे ठेवणीतली वाक्यं टाकून मोकळे होतो. माझ्या मते खरं कारण हा संकोच आहे. मेहनतीने लिहिलेल्या लेखाचा सगळ्यात कमी मेहनतीने लिहिलेला भाग म्हणजे आवाहन.

आम्ही संस्थेकडून माहिती घेतली आणि शेवट नव्याने लिहिला: "या पुस्तकाचे सहा धडे अजून वाचायचे आहेत. एक धडा ध्वनिमुद्रित करायला, तपासायला आणि मुलांपर्यंत पोचवायला येणारा खर्च खाली दिला आहे. परीक्षेच्या दोन महिने आधी पुस्तक पूर्ण झालं, तर मुलांना ते दोनदा ऐकता येईल. यातला एक धडा तुम्ही घ्याल का?" त्याखाली सहा धड्यांची नावं होती. धड्याचा खर्च उचलला गेला की त्याच्यापुढे खूण व्हायची. काही दिवसांनी संस्थेत फोन येऊ लागले, आणि लोक विचारत होते, "कोणता धडा राहिलाय?" आधी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण विचारण्यासारखं आम्ही काही लिहिलंच नव्हतं.

एक पथ्य मात्र पाळा. पैसे प्रत्यक्षात एकत्रित निधीत जाणार असतील तर 'हा धडा तुमचा' असं लिहू नका. "सहाही धडे पूर्ण झाले तर पुढची रक्कम पुढच्या पुस्तकाला वापरू" हे एक वाक्य तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत हवं. वाचक त्याने बिथरत नाही. नंतर दुसरीकडून कळलं तर मात्र तो कायमचा जातो.

आकडे चुकीच्या जागी असतात

विश्वस्तांचा आग्रह असतो की कामाची व्याप्ती पहिल्याच परिच्छेदात यावी. इतके जिल्हे, इतके लाभार्थी, इतकी वर्षं. त्यांची भावना मी समजू शकते, पण वाचकाचं मन मोठ्या आकड्याबरोबर मोठं होत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विल्यम डेव्हूजेस आणि सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या गटांना विचारलं होतं, की तेलाच्या डबक्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला तुम्ही किती द्याल? एका गटाला २,००० पक्षी सांगितले, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले तरी रक्कम जवळपास तिथेच राहिली.

२००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या कामाच्या आणखी जवळचा आहे. लोकांना एका सर्वेक्षणाचे ५ डॉलर मिळाले आणि त्यातून देणगी देण्याची संधी दिली. काहींना मालीतल्या ७ वर्षांच्या एका मुलीबद्दल वाचायला दिलं, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना आफ्रिकेतल्या अन्नटंचाईचे आकडे दिले, त्यांनी १.१४ दिले. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडे दोन्ही दिले, तर रक्कम १.४३ वर आली. हा तिसरा गट मला फार महत्त्वाचा वाटतो. 'दोन्ही घालू, म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल' असं आपण बैठकीत म्हणतो तेव्हा नेमकं हेच करत असतो.

आकडे काढून टाका असं मी म्हणणार नाही. ज्याला देण्याआधी खात्री करून घ्यायची आहे त्याला ते लागतातच. फक्त ते गोष्टीच्या मध्ये घालू नका, आवाहनाच्या खाली ठेवा: खर्चाचा तपशील, वार्षिक अहवालाची लिंक, नोंदणीची माहिती.

एका माणसाची गोष्ट लिहायची म्हटली की त्या माणसाची जबाबदारी आपल्यावर येते. या बाबतीत मी हट्टी आहे. संमती म्हणजे कागदावर घेतलेली सही नव्हे. मसुदा त्या व्यक्तीला वाचून दाखवा, तिच्या भाषेत, आणि तिने खोडलेलं खोडा. नकार दिला म्हणून मदत थांबणार नाही, हे तिला आधी स्पष्ट सांगा. मुलांचं खरं नाव, शाळा, चेहरा देऊ नका. कागदावरचं पत्रक आठवड्यात विसरलं जायचं, ऑनलाइन लिहिलेलं तसं जात नाही. ते मूल वीस वर्षांनी नोकरीला जाईल तेव्हाही कुणीतरी त्याचं नाव शोधेल आणि तुमचा लेख वर येईल. उपाशी मुलांची चित्रं दाखवून पैसे उभे करण्यावर डॅनिश कार्यकर्ते यॉर्गन लिसनर यांनी १९८१ सालीच कडक टीका केली होती, आणि तो वाद आजही संपलेला नाही. 'आणखी करुण लिहू' या उपायाची भीती वाटते असं वर म्हटलं, ते यासाठी. त्यातून देणाऱ्याच्या मनात राहते ती दया. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या हाती काय राहतं, ते त्याला कुणी विचारत नाही.

"यातले पैसे ऑफिसवरच जात असतील"

ही शंका लोक बोलून दाखवत नाहीत. बटणापाशी येऊन परत फिरतात. संस्था यावर दोन चुका करतात: प्रशासकीय खर्चाबद्दल गप्प बसतात, किंवा 'आमचा प्रशासकीय खर्च शून्य' असं लिहितात, जे क्वचितच खरं असतं. ज्या लेखापालामुळे हिशेब नीट राहतो त्याचा पगार हा कामाचाच खर्च आहे, हे मोकळेपणाने लिहा.

जमत असेल तर याहून चांगला मार्ग आहे. उरी ग्नीझी, एलिझाबेथ कीनन आणि आयलेट ग्नीझी यांनी २०१४ साली 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग मांडला. ४०,००० संभाव्य देणगीदारांचे चार गट करून त्यांना वेगवेगळी पत्रं पाठवली होती. नुसत्या आवाहनाला ८,०४० डॉलर आले. एका मोठ्या देणगीदाराने सुरुवातीची रक्कम दिली आहे असं सांगितल्यावर १३,२२० आले. तुमच्या डॉलरला त्याचा एक डॉलर जोडला जाईल असं म्हटल्यावर १२,२१० आले. आणि त्याच देणगीदाराने सगळा प्रशासकीय खर्च उचलला आहे, तुमची पूर्ण रक्कम कामालाच जाईल असं सांगितल्यावर २३,१२० आले. मोठा देणगीदार तोच, त्याची रक्कम तीच, पत्रातलं वाक्य तेवढं वेगळं. तुमच्याकडे असा एक जण असेल तर त्याच्याशी याबद्दल बोला. पण हे वाक्य खरं असेल तरच लिहा.

जोड-देणगीबद्दल, म्हणजे तुमच्या डॉलरला मोठ्या देणगीदाराचा डॉलर जोडण्याबद्दल, एक छोटी गोष्ट. ती वाढवली की देणग्याही वाढतील असं वाटतं. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी ५०,००० हून अधिक जुन्या देणगीदारांवर हे तपासलं (अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला), तेव्हा जोड दिल्याने उत्पन्न १९ टक्क्यांनी वाढलं, पण एकास दोन किंवा एकास तीन केल्याने त्यात आणखी भर पडली नाही. एकास एक पुरते.

ईमेल पोचतंय का?

हे पटकन तपासून टाका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलच्या लेखी दिवसाला ५,००० किंवा जास्त ईमेल पाठवणारे यात येतात. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलं आहे हे पटवणारी तांत्रिक व्यवस्था हवी, एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. तुम्ही कमी ईमेल पाठवत असाल तरी हे करून घ्या. जे दोन वर्षांत एकदाही ईमेल उघडत नाहीत त्यांची नावं यादीतून काढताना जीव तुटतो, पण काढा.

एकदा देतात, परत येत नाहीत

दुसरी जुनी तक्रार ही. इथे मी जुनं उदाहरण सांगते. १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले होते. जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'द वर्ल्ड' या दैनिकातून आवाहन केलं आणि वचन दिलं, की रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापू. पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक जमले. देणारे एक लाखाहून जास्त होते आणि बहुतेकांनी एक डॉलरही दिला नव्हता. लोक दुसऱ्या दिवशी पेपर उघडत तेव्हा निधी कुठवर आला ते त्यांना दिसायचं. मला यातलं नाव छापणं जितकं भावतं तितकंच हे रोज कळवत राहणंही.

आपण काय करतो? पावती आपोआप जाते आणि त्यानंतरचा निरोप थेट पुढच्या आवाहनाचा असतो. देणाऱ्याला वाटतं, आधीचं काय झालं? नुसत्या आभारानेही हे भागत नाही. अमेरिकेत अन्या सामेक आणि चक लाँगफिल्ड यांनी सहा वर्षांत लाखो देणगीदारांवर तपासलं, की आभाराचा फोन केल्याने पुढच्या वर्षी लोक जास्त देतात का. फरक पडला नाही. आभार जरूर माना, पण माझा भर बातमीवर आहे. ध्वनिमुद्रणवाल्या संस्थेने धडे पूर्ण झाल्यावर देणाऱ्यांना तीन ओळी पाठवल्या आणि लोलकाच्या आकृतीचा तो एक मिनिटाचा तुकडा जोडला. सोबत काही मागितलं नाही. माझ्या मते पहिल्या देणगीनंतर असं एक तरी पत्र गेल्याशिवाय दुसरं आवाहन जाऊच नये. काम रखडलं असेल तर तेही कळवा: "आवाज देणाऱ्या बाई आजारी आहेत, पुस्तक महिनाभर उशिरा येईल." लोक समजून घेतात.

बदल एका वेळी एकच

शीर्षक, आवाहन आणि फॉर्म एकदम बदललात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. आणि लहान संस्थेने दोन मसुद्यांची तुलना करताना फार सावध राहावं. विकिपीडियाच्या देणगी-आवाहनाचे निरनिराळे मसुदे ताडून पाहता येतात, कारण तिथे अफाट वाचक आहेत. तुमच्याकडे एका मसुद्याला पाच आणि दुसऱ्याला आठ देणग्या आल्या, तर तो योगायोगही असू शकतो. अशा वेळी आकड्यांपेक्षा माणसांना विचारलेलं बरं.

ज्यांनी दिलं त्यांतल्या पाच जणांना फोन करा. "पैसे का दिले?" असं विचारू नका, त्याला सगळे एकच शोभिवंत उत्तर देतात. विचारा, "वाचताना कुठल्या ओळीला तुमचं ठरलं?" आणि "फॉर्म भरताना कुठे अडलात?" शक्य असेल तर वाचून न देणाऱ्या दोघा-तिघांनाही विचारा, त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही अशा बेताने. उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आमच्या त्या लेखावर एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं होतं, "ती मुलगी डोळे मिटते ना, तिथे. मी तीस वर्षं फळ्यावर तीच आकृती काढली आणि 'हे बघा' म्हणालो." पुढच्या आवाहनाची सुरुवात आम्ही त्यांची परवानगी घेऊन याच वाक्याने केली.